उजव्या आरशातला क्लेटन

रेन्सेलियर, इंडियाना
११ सप्टेंबर १९९४

प्रिय ओपल,

निघालो बाई एकदाचे! फोन करणार होते, पण तुझा एक कान गेलेला, दुसऱ्यात ते यंत्र शिट्ट्या वाजवतं, आणि घरगाड्यांच्या कॅम्पात फोन असतो ऑफिसच्या दारात. तिथून तुझ्याशी बोलायचं म्हणजे साऱ्या कॅम्पाला ओरडून सांगायचं. माझा डेल्मरही कायम दोन हातांवर उभा. म्हणून पत्र लिहितेय. उत्तर पुढच्या गावच्या पोस्टात माझ्या नावाने पाठव, मी खिडकीवर जाऊन घेईन. गावांची नावं सोबतच्या चिठ्ठीवर दिली आहेत. शेवटचं गाव तुझं.

खरं तर आपण चौघांनी जायचं होतं. किती वर्षं बोलत होतो आपण! नवरे निवृत्त झाले की एक घरगाडी घ्यायची आणि ट्रक कंपनीतल्या सगळ्या जुन्या मंडळींच्या अंगणात जाऊन धडकायचं. जानेवारीत तुझा क्लेटन गेला. आमच्याकडे इतका बर्फ पडला होता की आम्हाला त्याच्या मातीलाही येता आलं नाही. डेल्मर त्यावर आजवर एक अक्षर बोललेला नाही. एप्रिलमध्ये मात्र न सांगता न सवरता उठला आणि ही घरगाडी घेऊन आला. आत पलंग, चूल, न्हाणीघर, सगळं आहे. फक्त माणसाला वळायला जागा नाही.

पण मुक्कामाला पोचल्यावर ती मागे घेऊन जागेत लावायची म्हणजे काय प्रकार असतो, तुला सांगते! नवरा चाकावर, बायको मागे उभी राहून हात हलवणार. आम्ही आलो की शेजारपाजारची मंडळी घडीच्या खुर्च्या बाहेर काढून बसतात. तमाशाच ना फुकटचा. मी "डावीकडे!" म्हणून कोकलतेय, हा उजवीकडे नेतोय. परवा एक म्हातारी मला म्हणाली, "पोरी, आमचं निम्मं भांडण या जागेत झालं आणि निम्मं शेजारच्या." मागच्या माणसाने ड्रायव्हरच्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे त्याच्या डाव्या आरशात दिसायचं. आणि तो माणूस आरशात दिसेनासा झाला की ब्रेक दाबायचा. नियम एवढाच. हा मला डेल्मरनेच शिकवला.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. काल मर्विन आणि आयलीनच्या शेतावर पोचलो. त्यांची वाट तुला आठवत असेल, एकीकडे गोठा, दुसरीकडे गॅसची टाकी. मी उतरले ती थेट आयलीनच्या गळ्यात पडले, दोघी रडलो, हसलो. मागे वळून बघते तर गाडी आत! दोन्हीकडे वीत वीत जागा सोडून सरळ लावलेली.

"अरे, कोणी दाखवलं तुला?" मी विचारलं.

"क्लेटनने," हा म्हणाला. मीठ दे म्हणावं तसं. "उजव्या आरशात होता. नेहमीसारखा."

मर्विन हसला. मीही हसले. डेल्मर हसला नाही, ओपल.

तुला लिहावं की नाही, कळत नव्हतं. रागावू नकोस.

तुझी,
मॅक्सिन

•

बेन्सन, ॲरिझोना
१७ सप्टेंबर

मॅक्सिन,

रागावू नको तर काय करू? नऊ महिने होत आले, माझ्या स्वप्नात यायला त्याला सवड नाही, आणि तुझ्या नवऱ्याच्या आरशात बरा उभा राहतो! जन्मभर तेच केलं. लोकांची कपाटं आणि पियानो वाहत देशभर हिंडले दोघं. माझ्या स्वयंपाकघरात बसला त्याहून जास्त तो त्या ट्रकच्या मागे उभा राहिला असेल.

चिडवते आहे गं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. कंपनीत सगळे मागचे लोक डाव्या बाजूला उभे राहायचे. एकटा क्लेटन उजव्या. ट्रक पाठवणारा गस त्याला त्यावरून शिव्या द्यायचा. क्लेटन म्हणायचा, "डावीकडचं डेल्मरला मान काढून दिसतं. त्याला जिकडचं दिसत नाही तिकडे मी उभा." आणि इशारा हाताने नाही, टोपीने. ती लाल टोपी. टोपी खाली म्हणजे ये, वर म्हणजे थांब. डेल्मरला तेवढं पुरायचं.

म्हणून मला नीट विचारून सांग. अंगावर काय असतं त्याच्या? कुठल्या हाताने दाखवतो? थकलेला दिसतो का? तो गेला त्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि हा पुढच्या अंगणात पडला. त्याने हाक मारली असेल. शेजारीण म्हणते, मारली नसेल. तिला काय माहीत! या मेल्या कानांनी मला ऐकू आली नाही, एवढंच खरं.

डेल्मरला हटकू नकोस. चालवू दे त्याला.

ओपल

•

रोला, मिझूरी
२६ सप्टेंबर

प्रिय ओपल,

तुझं पत्र पोस्टाच्या पायरीवर बसून वाचलं आणि तिथेच रडले.

विचारलं मी त्याला. गाडी चालवताना विचारलं, तेव्हा तो मोकळा बोलतो. म्हणाला, तपकिरी जाकीट असतं, कोपरावर ठिगळ लावलेलं. डाव्या हाताने दाखवतो. थकलेला नाही. "मात्र डोकं उघडं," म्हणाला. "टोपी कुठे हरवली त्याने? नुसत्या हाताचं मला नीट कळत नाही. मी त्याला म्हटलंही, अरे टोपी आण की. तो नुसता बघतो."

मी म्हटलं, टोपी तर तो घेऊन गेला. ओपल, तूच ना मला लिहिलं होतंस, की शवपेटीत त्याच्या छातीवर ठेवली म्हणून? डेल्मर म्हणाला, "मग घालत का नाही?"

गसकडे दोन दिवस राहिलो. तो अजून तसाच आहे, ट्रक पाठवायचं काम सुटलं पण हुकूम सोडायचं सुटलं नाही. बायकोला सांगतो, "बटाटे इकडे, मॅक्सिन तिकडे, मी टेबलाच्या टोकाला." डेल्मर खूप हसला. तुझ्या नवऱ्यासाठी रोज सकाळी तिसरा कप भरतो डेल्मर, काळी कॉफी, दोन चमचे साखर, आणि गाडीच्या पायरीवर ठेवतो. निघताना मी ती गवतात ओतते. गसने ते बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅक्सिन, याचं काय चाललंय?" मी म्हटलं, काही नाही, जुनी सवय. गसला हुकूम सोडता येतात, दुसरा प्रश्न विचारता येत नाही.

मला भीती वाटते, ओपल. कशाची, ते मलाच धड सांगता येत नाही.

मॅक्सिन

•

बेन्सन
२ ऑक्टोबर

मॅक्सिन,

दार लावून घे आणि हे एकटीने वाच.

टोपी त्याच्याबरोबर गेलेली नाही.

ठेवली होती मी छातीवर, सगळ्यांनी बघितलं. झाकण लावायच्या आधी त्यांनी मला क्षणभर एकटीला आत सोडलं, तेव्हा मी ती उचलली आणि माझ्या कोटाच्या आत घातली. त्याची बहीण विल्मा बाहेर उभी होती, तिला कळलं असतं तर तिने मला जन्मभर सोडलं नसतं. टोपी माझ्या उशीखाली असते. तिला अजून त्याच्या केसांच्या तेलाचा आणि डिझेलचा वास आहे. हे मी पाद्रीबाबांना सांगितलं नाही, लेकीला नाही, कोणालाच नाही. मग डेल्मरला कसं कळलं? सांग मला, कसं कळलं?

क्लेटन बोडक्या डोक्याने उभा आहे कारण टोपी माझ्याकडे आहे. दुसरं काय कारण असणार?

तू भिऊ नकोस. क्लेटनने उभ्या आयुष्यात कोणाचं वाकडं केलं नाही, आता काय करणार आहे! पण माझं एवढं ऐक. आरपार जागा घेऊ नकोस, एका बाजूने शिरून दुसरीकडून बाहेर पडायच्या त्या. तिथे मागे घ्यावीच लागत नाही, मग तो कशाला येईल? दर मुक्कामाला डेल्मरला मागे घ्यायला लाव. असंच करत करत त्याला माझ्या दारापर्यंत आण. मी टोपी घेऊन उभी राहते. मला त्याला एकदा बघायचंय गं. तुझ्या पाया पडते.

ओपल

•

एल रिनो, ओक्लाहोमा
८ ऑक्टोबर

ओपल,

मी तुझं ऐकलं. कॅम्पाचा माणूस म्हणाला, आरपार जागा रिकामी आहे, घ्या. मी म्हटलं, नको, मागे घ्यायची द्या. तुझ्यासाठी म्हटलं मी ते.

जागेच्या टोकाला पाण्याच्या नळाचा सिमेंटचा खांब होता. मी खांबापुढे उभी राहिले, डाव्या बाजूला, नियमाप्रमाणे. गाडी येऊ लागली. मी हात वर केला, थांब. गाडी थांबेना. दोन्ही हात वर केले, ओरडले. त्याचं डोकं मला डाव्या आरशात दिसत होतं, पण तोंड पलीकडे वळलेलं. तो उजव्या आरशात बघत होता, आणि मान हलवत होता, कोणी इशारा देत असल्यासारखी. मागे सरकायला गेले तर पाठीला खांब लागला. पाय मुरगळून खाली बसले. मागचा बंपर माझ्या तोंडासमोर येऊन थांबला. खुर्च्या टाकून बसलेली माणसं धावत आली.

डेल्मर उतरला, मला बघितलं आणि पांढराफटक पडला. "तू कुठे होतीस? मला दिसली नाहीस! क्लेटनने हात वर केला म्हणून थांबलो." आणि मग त्या सगळ्यांसमोर लहान मुलासारखा रडला. ओपल, मी त्याला असा कधी बघितला नव्हता.

आता मी तुझ्यापासून काय लपवलं ते ऐक. मार्चमध्ये मी त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. तो रोजच्या दुकानातून घरी यायचा रस्ता विसरला होता. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. आज रस्ते, उद्या नावं, परवा माणसं. म्हणून निघालो आम्ही. सगळ्या मित्रांना एकेकदा भेटून घेऊ दे, ओळख आहे तोवर. डॉक्टर म्हणाले होते, हिवाळ्याच्या आत त्याच्या हातून गाडी काढून घ्या. मी म्हटलं, एवढा प्रवास होऊन जाऊ दे. मूर्खपणा केला.

टोपीचं त्याला कसं कळलं, मला माहीत नाही. तुला वाटतं ते खरं असेलही. पण क्लेटन दिसला की त्याला मी दिसत नाही. माझा नवरा दिवसेंदिवस चाललाय, ओपल. जो थोडा उरलाय तो मला हवाय, आणि मला जिवंत राहून त्याला सांभाळायचंय.

किल्ल्या मागितल्या. देत नाही. म्हणतो, "क्लेटन मागे असताना मी कशाला सोडू?" माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल. तू त्याला लिही की क्लेटन नाही. ज्याची तुला आस लागलीय तेच तुझ्याकडे मागते आहे, मला कळतं. तरी मागते. इथे थांबून वाट बघते.

मॅक्सिन

•

बेन्सन
१३ ऑक्टोबर

मॅक्सिन,

तुझा पाय कसा आहे? आरपार जागेचं मी लिहिलं. त्या खांबाला तुझ्याबरोबर मीही टेकले होते असं समज. दोन दिवस मला अन्न गेलं नाही.

तू सांगितलंस ते मला लिहिता येईना. चार वेळा 'क्लेटन नाही' असं लिहिलं आणि फाडलं. मग जे लिहिता आलं ते सोबत घातलं आहे. चालेल का बघ. त्याच्या हातात दे.

ओ.

*

डेल्मर,

ओपल लिहितेय, क्लेटनची.

तू त्याला फार दिवस कामाला ठेवलंस. इंडियानापासून बिचारा मागे मागे चालत येतोय, डोक्यावर टोपी नाही, बाहेर थंडी पडायला लागली. कॉफी पाजतोस ते ठीक, पण कॉफीवर माणूस किती दिवस काढणार? आता त्याला सुट्टी दे. घरी पाठव. मी वाट बघतेय, जेवण झाकून ठेवलंय.

आणि तो निघाला की तुझ्या मागे माणूस उरणार नाही. मागे माणूस नसताना गाडी मागे घ्यायची नाही, हा नियम तूच सगळ्या कंपनीला घालून दिलास. तेव्हा किल्ल्या मॅक्सिनला दे. तिला येत नसेल तर शिकव. तुझ्याइतकं कोणाला येतं?

क्लेटनला सांग, रस्त्यात रेंगाळू नकोस.

ओपल

•

टुकुमकारी, न्यू मेक्सिको
२० ऑक्टोबर

प्रिय ओपल,

वाचलं त्याने. दोनदा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मला वाटलं, विसरला. दुपारी हमरस्त्यावर एका थांब्याला गाडी बाजूला घेतली, माझ्या बाजूची, उजवीकडची काच खाली करायला मला सांगितलं आणि माझ्यावरून ओणवा होऊन बाहेर ओरडला, "क्लेटन! घरी जा रे! ओपल बोलावतेय! जेवण झाकलंय!"

तिथे एक बाई कुत्र्याला फिरवत होती. तिने मागे वळून बघितलं. डेल्मर बराच वेळ आरशात बघत राहिला. मग म्हणाला, "गेला." इंजिन बंद केलं आणि किल्ल्या माझ्या मांडीवर ठेवल्या. "आता मागे कोणी नाही," एवढंच म्हणाला. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "रडू नकोस, आधी आरसे लावून घे. तुझी उंची कमी आहे."

आता मी चालवते. हळू जाते, मागचे भोंगे वाजवतात, डेल्मर त्यांना शिव्या देतो. आरपार जागाच घेते. पायरीवर कॉफी ठेवणं बंद झालं. सकाळी दोनच कप काढतो.

ओपल, त्याला आता गस आठवत नाही. काल विचारत होता, आपण आत्ता कोणाकडे चाललोय? मी म्हटलं, ओपलकडे. तो म्हणाला, "चांगलं नाव आहे."

शनिवारी दुपारी पोचतो. तुझ्या वाटेत गाडी मागेच घ्यावी लागेल, आणि मी अजून एकदाही घेतलेली नाही. तू उभी राहशील ना? डाव्या बाजूला, माझ्या आरशात दिसशील अशी. तुझ्या कानांची काळजी नाही, मी ओरडणार नाही. तू फक्त हात कर.

मॅक्सिन

•

व्हॅन हॉर्न, टेक्सस
३१ ऑक्टोबर

प्रिय ओपल,

तुझ्याकडून निघालो आणि परतीच्या वाटेला लागलो. तुझ्या भाकऱ्या संपल्या नाहीत अजून. तू मक्याच्या भाकऱ्या आणि मिरच्यांचं लोणचं इतकं बांधून दिलंस की डेल्मर म्हणाला, ही बाई दुकान चालवते का? तू हसलीस, मी बघितलं. मागे वळून डोळे पुसलेस, तेही बघितलं. सबंध आठवड्यात त्याने एकदाही तुला नावाने हाक मारली नाही. मला माफ कर. त्याला मी वेळेवर आणू शकले नाही.

तिथे असताना एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. कागदावर सांगते.

आम्ही आलो त्या दुपारी तू डाव्या बाजूला उभी होतीस, लाल टोपी हातात घेऊन. मी तुला माझ्या आरशात बघत होते. टोपी खाली, मी मागे. टोपी खाली, मी आणखी मागे. घेतली मी. तू टोपी वर केलीस, मी ब्रेक दाबला. सरळ लागली! तू उड्या मारल्यास, आठवतं?

त्या सगळ्या वेळात डेल्मर माझ्या शेजारी बसला होता, उजवीकडे, त्याच्या बाजूच्या आरशात बघत. त्या आरशातून तू दिसणं शक्य नाही. मी नंतर त्याच्या जागेवर बसून बघितलं. तुझ्या घराची भिंत आणि कपडे वाळत घालायची तार, एवढंच दिसतं.

मी ब्रेक दाबला आणि तो समाधानाने म्हणाला, "मिळाली एकदाची टोपी त्याला."

मी एवढंच विचारलं, "कोणाला रे?" तोवर तो पट्टा सोडत होता. त्याला काही आठवेना.

मॅक्सिन

•

बेन्सन
७ नोव्हेंबर

मॅक्सिन,

पत्र पोचलं. बरं केलंस कागदावर सांगितलंस. तोंडावर सांगितलं असतंस तर मी तुम्हाला जाऊच दिलं नसतं.

मला त्या दुपारी काही दिसलं नाही. खूप बघितलं. फक्त कपड्यांच्या तारेकडे एकदा माझी मान वळली, कोणी हाक मारल्यासारखी. मी, ठार बहिरी! यंत्र घरात टेबलावर पडलेलं होतं. मी तुला बोलले नाही, म्हटलं म्हातारपण.

तुम्ही आलात त्या दिवशी गाडी लागल्यावर मी टोपी व्हरांड्यातल्या खिळ्याला अडकवली, डेल्मरला दिसावी म्हणून. तुम्ही होता तोवर तिथेच होती. तुम्ही गेल्यावर रात्री उशीखाली ठेवायला घ्यायला गेले तर खिळा रिकामा. वारा नव्हता. कुत्र्याच्या घरात बघितलं, गुलाबाच्या वाफ्यात बघितलं, पलंग सरकवून बघितला. मग माझ्या लक्षात आलं आणि मी शोधायचं थांबवलं. त्या रात्री मी गाढ झोपले. जानेवारीपासून पहिल्यांदा.

आता तू गाडीत शोधायला लागशील, मला तू माहीत आहेस. डेल्मरच्या कोटाचे खिसे, त्याच्या आसनाखालची जागा. नको शोधूस. डेल्मरने नेली असेल तर त्याच्याजवळ राहू दे. आणि त्याने नेली नसेल तर मला ठाऊक आहे ती कोणाच्या डोक्यावर आहे.

म्हणून सांगते, सापडली तरी मला कळवू नकोस.

ओपल